भागूबाईचा डबा

सरू गेल्याचं मला कळलं तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता.

श्रावणातला शुक्रवार होता. मी नारायणगावच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात बसलो होतो. त्याआधी पुनमचंद शेठचा एक फोन येऊन गेला होता. "राघूभाऊ, दुकानावर या. वहिनी इथंच आहेत. या लगेच." शेठचं भांड्यांचं दुकान पेठेत आहे. लोक घरातली जुनी तांब्यापितळेची भांडी तिथं मोडीत देतात आणि त्या बदल्यात नवं स्टील घेऊन जातात. मोडीचा ढीग मागच्या खोलीत पडलेला असतो. पंधरा दिवसांनी टेम्पो येतो आणि ढीग भट्टीला जातो. टेम्पो यायच्या आधी सरू, माझी बायको, त्या ढिगाशी जाऊन बसायची आणि स्वतःसाठी एखादी वस्तू शोधायची. मागच्या वर्षी शेठचा असाच फोन आला होता, तेव्हा मी तांब्याचं घंगाळ खांद्यावर घेऊन तीन जिने चढलो होतो. त्यामुळं मला वाटलं, पुन्हा काहीतरी जड घेतलं असणार. म्हटलं, चहा पिऊन जाऊ.

चहा आला. मी तो सावकाश प्यायलो. टोमॅटोचा बाजार काय निघाला ते शेजारच्याला विचारलं. कपात दोन घोट राहिले असताना शेठचा दुसरा फोन आला.

"राघूभाऊ, कुठं राहिलात हो? वहिनी गेल्या."

मी पोचलो तेव्हा शेठच्या बायकोनं, चंदाबाईंनी, सरूचं डोकं मांडीवर घेतलं होतं. सरूच्या पोटाशी एक काळा पडलेला पितळी डबा होता. तिचे दोन्ही हात त्याच्या झाकणावर होते. चंदाबाई म्हणाल्या, "झाकण निघत नव्हतं. वहिनी म्हणाल्या, आत काहीतरी वाजतंय बघा. कानाशी धरून हलवला, आणि खालीच बसल्या. तुम्ही घाबराल म्हणून ह्यांनी फोनवर काही सांगितलं नाही." डॉक्टर म्हणाले, डोक्यातली शीर फुटली. लवकर आणलं असतं तर, असं मी विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही.

चहाचं मी कुणाला सांगितलं नाही. मुलीलाही नाही.

मुलगी अश्विनी, एकुलती एक. चाकणला दिलेली आहे. तिला सातवा महिना लागला तसा तिच्या सासूनं विषय काढला की माहेरी आता आई नाही, तर बाळंतपण इथंच करू. अश्विनीनं ऐकलं नाही. दिवाळीच्या आठ दिवस आधी तिचा फोन आला.

"आण्णा, मी वसुबारसेला येतेय. पुढच्या महिन्यात मावशी येणारच हाय राहायला. तुमी फक्त घर लावून ठेवा. आई लावायची तसं."

"मला कुठं जमतंय ते?"

"मागच्या दिवाळीचा फोटो पाठवते. बघून लावा. आन घंगाळात पाणी भरायला विसरू नका, न्हाईतर समोरच्या काकू त्यात चपला काढतील."

ती हसली. मीही हसलो. सरू गेल्यापासून पहिल्यांदा.

आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. एक हॉल, एक बेडरूम आणि माणूस वळला की संपणारं किचन. मी एसटी डेपोत मेकॅनिक होतो. रिटायर झाल्यावर हा घेतला. गावचं, डिंगोऱ्याचं घर आणि देव मोठ्या भावाकडं राहिले. सरूचं लहानपण मेंढरांमागं गेलं होतं. तिच्या बापाचा सगळा संसार एका घोड्याच्या पाठीवर मावायचा. ती म्हणायची, "मला चार भिंती मिळाल्यात, आता मी घोड्यावर न मावणारं सामान घेणार." आणि घ्यायची. तांब्याचं घंगाळ, लाकडी पायली, ताक घुसळायची रवी, काचेच्या मण्यांचं तोरण, कंदील. डेपोत भंगारात निघालेला एसटीचा हेडलाइट मी तिला टेबलावरच्या दिव्यासारखा करून दिला होता. दिवाळी आली की ती सगळं खाली काढायची. चिंच आणि मीठ लावून दिवसभर घासायची. मग घंगाळ हॉलच्या मध्ये, त्यात पाणी, पाण्यावर झेंडू आणि पणत्या. दिवाणावर काळी घोंगडी. पायलीत ज्वारीची कणसं. बिल्डिंगमधल्या बायका फोटो काढायला यायच्या. एकदा अश्विनी म्हणाली होती, "आई, पावण्यांनी बसायचं कुठं? घंगाळात?" सरू म्हणाली, "बसू दे की. तुझ्या सासूला आधी बसव."

ती गेल्यावर मी त्या सगळ्या वस्तूंवर चादरी टाकल्या. तेही बरं केलं नाही. संध्याकाळी हॉलमध्ये पाऊल टाकलं की डोक्यावरून पदर घेतलेली माणसं बसल्यासारखी वाटायची. मग मी हॉलमध्ये बसणंच सोडलं.

धनत्रयोदशीच्या तीन दिवस आधी मी चादरी काढल्या. अश्विनीनं पाठवलेला फोटो मोबाईलवर उघडून मोबाईल भिंतीला टेकवून ठेवला. चिंच भिजवली आणि घासायला बसलो. घंगाळ घासताना माझ्या मनात एक विचार आला आणि तो जाईना. मोडीत भांडं कधी येतं? घरातली म्हातारी गेली की. तिच्या मागं सुना माळा रिकामा करतात. म्हणजे सरूनं हौसेनं आणलेल्या प्रत्येक वस्तूमागं एक मेलेली बाई होती. घंगाळामागं एक, पायलीमागं एक, रवीमागं एक. आणि आता त्यांच्यात सरू.

सगळ्यात शेवटी डबा राहिला. श्रावणात चंदाबाईंनी पिशवीत घालून दिला होता, तसाच मी तो माळ्यावर टाकला होता. फोटोत तो नव्हता, पण सरूनं घेतलेली शेवटची वस्तू ती. अश्विनीनं विचारलंच असतं. मी तो खाली काढला आणि चिंच चोळली. काळं सुटलं तशी झाकणावर टिंबाटिंबांची अक्षरं वर आली. पूर्वी भांड्यांवर नावं घालायचे तशी. 'सौ. भागूबाई धर्माजी. अवसरी बु.'

नाव वाचून जरा बरं वाटलं. भांड्याला माणूस मिळाला. मग डबा सरळ करताना आत काहीतरी वाजलं.

गंजलेले नट सोडवण्यात माझी तीस वर्षं गेली. झाकणाच्या कडेनं खोबरेल सोडलं, थोडा वेळ थांबलो आणि चमच्याच्या दांड्यानं हळूहळू ठोकत गेलो. झाकण एकदम निघालं. आत किड्यांनी पीठ केलेले मूठभर तांदूळ होते आणि लाल खणाची चिंधी. चिंधी उचलली तसं तिच्यातून काहीतरी पडलं, फरशीवर वाजलं आणि दिवाणाखाली गेलं.

मी पालथा झोपून बघितलं. चांदीचा टाक होता, अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा. त्याच्यावर हात जोडलेली बाई. ती माझ्याकडं तोंड करून पडली होती.

टाक म्हणजे देव्हाऱ्यात पुजायचा देवाचा छोटा पत्रा. आमच्यात घरातलं माणूस गेलं की त्याचाही टाक करतात आणि देवांच्या शेजारी बसवतात. सणाला पहिला निवद त्याला, मग घरच्यांची पानं. टाक बसवला नाही तर ते माणूस दारात उभं राहतं, असं मी लहानपणापासून ऐकत आलो. सरूचा टाक दिवाळीच्या आत व्हायला हवा होता. तिची जोडवी आटवून करायचा होता. ती मी रुमालात बांधून कपाटात ठेवली होती. सोनाराच्या दुकानावरून मी चारदा गेलो आणि चारही वेळा पुढं गेलो. देव भावाकडं असले तरी तिला माझ्याच घरात बसवायचं, म्हणजे रोज तिच्या समोर उभं राहायचं. तिनं विचारलं असतं, चहा प्यायलात का.

आणि आता दुसऱ्याच घरची बाई तीन महिने माझ्या माळ्यावर उपाशी बसली होती.

हात घालायची हिंमत झाली नाही. झाडूनं ओढून टाक बाहेर काढला. त्याला वरच्या बाजूला बारीक कडी होती. मी दार उघडं टाकून जिन्यात जाऊन बसलो आणि डिंगोऱ्याला कुशाबा आप्पांना फोन लावला. आप्पा माझे चुलते. ऐंशीच्या घरात आहेत. देवाधर्माचं काही अडलं की भावकी त्यांनाच विचारते.

"आप्पा, एक टाक सापडलाय. बाईचा. सरूनं आणलेल्या डब्यात."

"कडी हाय का त्याला?"

"आहे."

आप्पांनी आधी घरातल्या पोरांना बाहेर पिटाळलं. मग म्हणाले, "मंग ती देव्हाऱ्यातली न्हाई. गळ्यातली हाय. सवत हाय ती."

मला ते आधीच समजलं होतं. त्यांनी नाही म्हणावं म्हणून मी फोन केला होता. पहिली बायको मेली आणि माणसानं दुसरी केली, तर दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधतात. पहिलीची नजर दुसरीवर आणि तिच्या पोरांवर पडू नये म्हणून. माझ्या एका लांबच्या चुलतीच्या गळ्यात होता. लहानपणी ती कडेवर घ्यायला आली की मी ओरडायचो.

"सरू गेली तवा तिच्या हातात हाच डबा व्हता न्हवं?"

"हो."

"अश्विनी कधी येतीया?"

"परवा."

"मंग ऐक. पोटुशी बाई त्या घरात यायच्या आत हिला भाईर काढ. नदीत टाकू नको. देवळात ठिवू नको. ज्या गळ्यातली हाय त्या गळ्यात गेली पायजे. मधी कुणाच्या हातात दिऊ नको." आप्पा खोकले. "आन राघू, सरूचा टाक झाला का?"

मी म्हटलं, रेंज जातेय.

टाक चिंधीत गुंडाळून डब्यात ठेवला. झाकण मात्र मला पूर्ण लावता आलं नाही. आतल्या बाईचा श्वास कोंडेल असं काहीतरी डोक्यात आलं. ती रात्र मी किचनमध्ये दिवा चालू ठेवून काढली. त्या रात्रीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

सकाळी डबा स्कूटरवर पुढं पायांत ठेवला आणि निघालो. नारायणगाव सोडेपर्यंत ठीक होतं. कळंबच्या अलीकडं स्कूटर मागून जड लागायला लागली. सरू मागं बसायची तेव्हा लागायची तशी. वळणावर मागचं चाक एका अंगाला ओढत होतं. मी आरशात बघितलं नाही. गाडी बाजूला घेतली, उतरलो, मागच्या टायरवर अंगठा दाबला. हवा कमी झाली होती. इतकंच. मी मेकॅनिक आहे, हवा कमी असली की गाडी कशी चालते ते मला सांगायला कुणी नको. पंपावर हवा भरली आणि पुन्हा निघालो. तरी मंचर येईपर्यंत मी आरशात बघितलं नाही.

अवसरी बुद्रुकला पारावर तीनचार म्हातारे बसले होते. मी विचारलं, "भागूबाई धर्माजी यांचं घर कुठं आहे?"

एकानं तपकीर ओढली. "भागूबाईला भेटायचंय? पावणं, लई लांब जावं लागंल राव."

बाकीचे हसले. दुसरा लगेच म्हणाला, "गप रं. पावण्याचं तोंड बघ." मग मला म्हणाला, "भागूबाईला जाऊन चाळीस वर्सं झाली. धर्माजीबी गेला. त्याची धाकली बायकू हाय, साळुबाई. त्यो पिवळा बंगला, लायटिंग सोडलंय बघा, त्यो."

बंगला नवा होता. रंगाचा वास येत होता. ओट्यावर साधारण तिशीची बाई रांगोळीचे ठिपके काढत होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मग स्कूटरवरच्या डब्याकडं बघितलं, आणि रांगोळीची वाटी तशीच हातात धरून फाटकापर्यंत धावत आली.

"कुठून आणला हो हा?"

"नारायणगावला मोडीत निघाला होता."

"हळू बोला. मी ऋतिका. साळुबाई माझ्या सासूबाई." ती मागं बघून कुजबुजायला लागली. "किचनला ट्रॉली बसवली तवा मी जुनी भांडी काढली. आत्या चार दिवस लग्नाला गेल्या व्हत्या. डब्याचं झाकण निघंना, मला वाटलं जुनं तांदूळ असतील. मला काय ठावं त्यांनी आत काय ठेवलंय ते? आल्या आल्या डबा कुठंय म्हणून घर डोक्यावर घेतलं. मी सांगितलं, चोरी झाली. आता काय सांगू त्यांना? द्या इकडं, मी बघते काय करायचं ते."

"काय कराल?"

"नदीला सोडते. जाऊ दे एकदाचं. तीन महिने त्या नीट जेवल्या न्हाईत. माझ्या पोराला जवळ घेत न्हाईत, म्हणतात माझी सावली नको."

तिनं डब्याला हात लावला. सोडून द्यावा आणि गाडी फिरवावी असं मला एकदा वाटलं. संध्याकाळपर्यंत घरी, घंगाळात पाणी, अश्विनी आली की दिवे. मधी कुणाच्या हातात देऊ नको, हे आप्पांचं बोलणं आठवलं नसतं तर मी दिला असता. मी डबा सोडला नाही. ती ओढत होती आणि मी धरून होतो. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"कोण हाय गं?"

साळुबाई साठीच्या असतील. अंगानं बारीक. उजवा हात गळ्याशी धरलेला होता, तिथं काहीच नव्हतं तरी. डबा दिसला तशी त्या खांबाला धरून खाली बसल्या.

मी डबा त्यांच्या पुढं ठेवला. त्यांनी झाकण काढलं, चिंधी उलगडली, टाक तळहातावर घेतला. उलटसुलट करून बघितला. मग मला विचारलं, "किती दिस व्हती तुमच्याकडं?"

"तीन महिने."

"काय खाल्लं तिनं?"

"मला माहीत नव्हतं आत आहे म्हणून. माळ्यावर होता डबा."

"म्हंजी काय न्हाई." त्यांनी डोळे मिटले. "दोरा झिजून तुटला व्हता. तुटका दोरा गाठ मारून बांधत न्हाईत. नवा दोरा पुजून बांधूस्तवर टाक तांदळात ठिवत्यात. म्हटलं, तिच्याच डब्यात ठिवावा, तिला वळखीचं वाटंल. पोराच्या हाती लागू नये म्हणून झाकण ठोकून बसवलं." मग सुनेकडं मान वळवली. "चोर लई चांगला व्हता हां ऋतिका. डबा नेला आन स्टीलची ताटं ठिवून गेला."

ऋतिका रांगोळीच्या वाटीत बघत राहिली. साळुबाईंनी विषय तिथंच सोडला. तिला म्हणाल्या, "काळा दोरा आण. आन दूधभात."

मी तिथंच उठायला हवं होतं. काम झालं होतं. पण ज्या गोष्टीसाठी मी रात्रभर दिव्याखाली बसलो होतो, ती विचारल्याशिवाय माझा पाय निघेना.

"माझी बायको हा डबा उघडत होती तेव्हा गेली," मी म्हटलं. "हातात डबा असताना. हिनं नेलं का तिला?"

साळुबाईंनी टाक पदरानं पुसला. मला वाटलं, त्या नाही म्हणतील. कुणीही म्हटलं असतं.

"मला ठावं न्हाई," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्सं गळ्यात हाय, पर तिच्या मनात काय असतं ते मला कधी कळलं न्हाई. मी रोज भ्याले. पोर जलमलं तवा भ्याले, ते आजारी पडलं तवा भ्याले. भ्याले आन रोज पयला घास तिला दिला. आता तीन महिने घास द्यायला ती न्हाई, तर त्यालाबी भ्याले." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुमी केला का बायकोचा टाक?"

"नाही."

"का?"

"भीती वाटते."

"तिची?"

आणि मग जे मी कुणाला सांगितलं नव्हतं ते मी अवसरीच्या त्या ओट्यावर, दहा मिनिटांच्या ओळखीच्या बाईला सांगितलं. पहिला फोन, दुसरा फोन, चहा. टोमॅटोचा बाजार विचारला तेसुद्धा. ऋतिका दूधभाताची वाटी घेऊन दारात थांबली होती. तिनंही ऐकलं.

साळुबाई हसल्या नाहीत आणि मला समजावलंही नाही. "रागावली असंल," त्या म्हणाल्या. "का न्हाई रागवायची? मी असते तर रागावले असते. पर बाबा, ती दारात उभी हाय आन तुमी आत दडून बसलाय. उभ्या माणसाला कुणी काय सांगतं व्हय? आधी बसायला जागा करा तिला. मंग सांगा चहाचं."

ऋतिकानं दोरा ओवून दिला. साळुबाईंनी टाक गळ्यात बांधला, दूधभाताचा एक घास त्याला लावला, आणि मग दुसरा स्वतःच्या तोंडात घातला. तोंडातला घास तसाच ठेवून त्यांनी डबा माझ्याकडं सरकवला.

"हा न्या. टाक माझा. डबा तुमच्या बायकोनं पसंत केलेला."

"यावर भागूबाईंचं नाव आहे."

"असू द्या. तिला आता डबा कशाला? ती हितं हाय." त्यांनी गळ्याला हात लावला.

जाताना ऋतिका फाटकापर्यंत आली. म्हणाली, "बाबा, कुणाला सांगू नका हां ट्रॉलीचं." मी म्हटलं, मी इथं कुणाला ओळखतो?

परतीच्या वाटेवर टायरमध्ये हवा बरोबर होती. तरी गाडी मागून जडच लागली. या वेळी मी थांबून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी फोटो बघून घर लावलं. तोरण दाराला. घोंगडी दिवाणावर. घंगाळ मध्ये, त्यात पाणी आणि झेंडू. एसटीचा हेडलाइट टेबलावर. पायलीत घालायला कणसं मिळाली नाहीत, मी झाडू ठेवायचा विचार केला आणि सोडून दिला. डबा फोटोत नसल्यामुळं तो कुठं ठेवायचा ते मला कळेना. शेवटी देव्हाऱ्यासाठी सरूनं भिंतीत फळी ठोकून घेतली होती, त्या फळीवर ठेवला. देव भावाकडं असल्यामुळं ती फळी रिकामीच होती.

अश्विनी संध्याकाळी आली. जावई बॅगा ठेवून लगेच परत गेला. ती कमरेवर हात ठेवून हॉलभर फिरली.

"आण्णा, सगळं उलटं लावलंय. फोटो आरशातनं बघितला का काय?"

"मग सरळ कर."

"न्हाई, राहू दे. आईनं बघितलं असतं तर दोन दिवस हसली असती." मग तिचं लक्ष फळीकडं गेलं. "हा नवीन हाय. कुणाचा?"

"आईनं घेतला. शेवटचा."

तिनं पाय उंचावून झाकणावरची अक्षरं बोटानं वाचली. "भागूबाई कोण?"

"अवसरीची एक बाई. सावकाश सांगतो."

"आत काय हाय?"

"आत्ता काही नाही."

तिनं झाकण उचललं, आत बघितलं आणि परत लावलं. या वेळी ते सहज लागलं. मी तिच्या पोटाकडं बघत होतो आणि दाराकडं बघत होतो. दार बंद होतं. तोरणाचे मणी मात्र हलत होते. वारा असेल. तिसऱ्या मजल्यावर वारा असतोच.

ती झोपल्यावर मी कपाटातून रुमाल काढला आणि जोडवी डब्यात ठेवली. डबा हलवला तर वाजतात. अश्विनी आठ दिवसांपासून इथं आहे, तब्येत चांगली आहे, बाळ लाथा मारतं. दिवाळी झाली. घंगाळातले झेंडू काळे पडले, ते मी काढले. रोज सकाळी चहा होतो, आणि पहिला कप मी फळीवर डब्याशेजारी ठेवतो. बोलत काही नाही.

सोनाराचं दुकान उघडं असतं. जोडवी अजून डब्यातच आहेत. टाक करायचा राहिला आहे.